जात आणि स्त्री : डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या चरित्रातील एक धागा

पंचवटीत काळाराम मंदिराच्या दरवाजासमोरून आपण नाशिककर विद्यार्थी किती वेळा गेलो असू! परीक्षेच्या आदल्या दिवशी नमस्कार करायला गेलो असू, रामनवमीच्या गर्दीत गेलो असू, किंवा गावाकडून आलेल्या पाहुण्यांना गोदाघाट दाखवताना सहज वळलो असू. या मंदिराच्या दरवाजांनी १९३० साली काय पाहिले ते शाळेच्या पुस्तकात आपण वाचलेले असते. २ मार्च १९३० रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली सुमारे पंधरा हजारांची मिरवणूक मंदिराकडे निघाली, दरवाजे बंद झाले आणि दुसऱ्या दिवसापासून सत्याग्रह सुरू झाला. सत्याग्रहींची पहिली तुकडी दरवाजांवर जाऊन बसली. त्या तुकडीत १२५ पुरुष होते आणि २५ स्त्रिया होत्या.

या पंचवीस स्त्रियांचा उल्लेख बहुतेक ठिकाणी एवढाच येतो. संख्या सांगितली की लेखक पुढे जातो. परंतु बाबासाहेबांचे चरित्र या पंचवीस जणींच्या बाजूने वाचू लागले म्हणजे एक वेगळाच धागा हाती येतो. जात कशी जन्मली आणि कशी टिकली, या प्रश्नाचे उत्तर त्यांनी वयाच्या पंचविसाव्या वर्षी स्त्रीच्या आयुष्यात शोधले होते, आणि पुढची चाळीस वर्षे ते त्या उत्तराशी प्रामाणिक राहिले. घटनेचे शिल्पकार, दलितांचे उद्धारक, थोर अर्थशास्त्रज्ञ या नात्यांनी आपण त्यांना ओळखतो. या लेखात त्यांच्या चरित्रातला हा एकच धागा धरून चालायचे आहे.

भीमरावांचा जन्म १४ एप्रिल १८९१ रोजी महू येथील लष्करी छावणीत झाला. घराणे मूळचे रत्नागिरी जिल्ह्यातल्या आंबडवे गावचे. वडील रामजी सकपाळ सैन्यात सुभेदार होते. भीमराव हे चौदावे अपत्य. आई भीमाबाई ते पाच-सहा वर्षांचे असतानाच वारल्या आणि त्यांना आत्या मीराबाईंनी वाढवले. साताऱ्याची शाळा, वर्गात वेगळे बसणे, पाण्यासाठी दुसऱ्याच्या हाताकडे पाहत राहणे, हे सगळे आपणा सर्वांच्या परिचयाचे आहे. त्याची पुनरुक्ती येथे करीत नाही.

पुढे कुटुंब मुंबईला आले. एल्फिन्स्टन हायस्कुलातून १९०७ साली भीमराव मॅट्रिक झाले. अस्पृश्य मानलेल्या समाजात ही गोष्ट त्या काळी इतकी दुर्मीळ होती की त्यांच्या सत्काराची सभा भरली आणि कृष्णाजी अर्जुन केळुसकर गुरुजींनी स्वतः लिहिलेले बुद्धचरित्र त्यांना भेट दिले. याच सुमारास त्यांचे लग्न झाले. वधू रामीबाई, म्हणजेच पुढच्या रमाबाई, नऊ-दहा वर्षांच्या होत्या. दापोलीजवळच्या वणंद गावची ही पोरकी मुलगी. लग्न लागले भायखळ्याच्या बाजारात, दिवसाचा बाजार उठल्यावर, उघड्या छपराखाली. वऱ्हाडी मंडळी बाजाराच्या दगडी ओट्यांवर बसली होती.

हे लग्न लक्षात ठेवावे. बालविवाह ही जातीची कशी गरज आहे हे ज्या तरुणाने पुढे साऱ्या जगापुढे मांडले, त्याचे स्वतःचे लग्न बालविवाहच होते. शास्त्रज्ञ रोगाचा अभ्यास करतो तेव्हा तो रोग बहुधा दुसऱ्याच्या शरीरात असतो. येथे तो अभ्यासकाच्या घरातच होता.

बडोद्याच्या सयाजीराव महाराजांच्या साहाय्याने भीमराव बी. ए. झाले. २ फेब्रुवारी १९१३ रोजी वडील गेले आणि त्याच वर्षीच्या जुलैत महाराजांचीच शिष्यवृत्ती घेऊन ते न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात दाखल झाले. मागे मुंबईत रमाबाई होत्या, लहानगा यशवंत होता आणि दारिद्र्य होते. समोर जगातले एक नामांकित विद्यापीठ, भव्य ग्रंथालय, आणि सेलिग्मन, जॉन ड्यूई यांच्यासारखे प्राध्यापक. जेवणाच्या टेबलावर शेजारी कोण बसला आहे याची चौकशी तेथे कोणी करीत नव्हते. ज्या माणसाला जन्मापासून पंगतीबाहेर बसवले होते त्याला या साध्या गोष्टीचे काय वाटले असेल, याची कल्पना आपणच करावी.

९ मे १९१६ रोजी मानववंशशास्त्राचे प्राध्यापक गोल्डनवायझर यांच्या चर्चावर्गात भीमरावांनी भारतातील जातिसंस्थेवर एक निबंध वाचला. पुढल्या वर्षी तो इंडियन अँटिक्वरी या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. निबंध लहान आहे. आपल्या वर्गातला एखादा मेहनती विद्यार्थी एका संध्याकाळी तो वाचून काढील. पण त्यातला युक्तिवाद असा आहे की एकदा समजला म्हणजे घरातले लग्नसुद्धा पूर्वीच्या नजरेने पाहता येत नाही. म्हणून तो थोडा सविस्तर पाहू.

त्या काळी जातीची उपपत्ती सांगणारे विद्वान पुष्कळ होते. कोणी धंद्यावरून जात झाली म्हणे, कोणी विटाळाच्या कल्पनेवरून. १९०१ च्या जनगणनेचे प्रमुख रिस्ले साहेब यांनी तर लोकांची नाके मोजली आणि जात म्हणजे वंशभेद असा निष्कर्ष काढला. आपल्या ज्ञानकोशकार श्रीधर व्यंकटेश केतकरांनीही अमेरिकेत असतानाच जातिसंस्थेवर इंग्रजी ग्रंथ लिहिला होता आणि तो १९०९ साली प्रसिद्ध झाला होता. या सर्वांचा परामर्श घेऊन पंचवीस वर्षांच्या या विद्यार्थ्याने सांगितले की जातीचे खरे लक्षण एकच आहे : जातीतल्या जातीत लग्न. बाकीची लक्षणे त्याच्या मागोमाग येतात.

आता येथे एक अडचण उभी राहते. हिंदुस्थानातला समाज मुळात बाहेर लग्न करणारा आहे. गोत्र, कुळ, देवक एक असले की सोयरीक होत नाही. अशा समाजात एखाद्या गटाने ठरवले की आपण बाहेर मुली द्यायच्या नाहीत आणि बाहेरच्या आणायच्या नाहीत, तर त्या गटाला काय करावे लागेल? गटात लग्नाच्या वयाची जितकी मुले तितक्याच मुली असल्या पाहिजेत. तोल बिघडला की कोणीतरी कुंपण ओलांडणार. आणि तोल बिघडतोच, कारण नवराबायको काही एकाच दिवशी मरत नाहीत.

नवरा मेला तर विधवा उरते. ती जिवंत आहे, तरुण आहे. तिने जातीबाहेर लग्न केले तर कुंपण मोडते. जातीतच दुसरे लग्न केले तर एखाद्या कुमारिकेच्या वाट्याचा नवरा ती घेते आणि मग ती कुमारिका बाहेर पाहील. म्हणून या अतिरिक्त स्त्रीची विल्हेवाट लावायची. मार्ग दोन. एक, तिला नवऱ्याबरोबर जाळणे. दुसरा, तिला जिवंत ठेवून कोणालाही तिची इच्छा होणार नाही अशा अवस्थेत ठेवणे : केशवपन, आलवण, एकभुक्त राहणे, शुभकार्यात तोंड न दाखवणे.

बायको मेली तर विधुर उरतो. तोही अतिरिक्तच. पण तो पुरुष आहे. नियम करणारा तोच. त्याला जाळता येत नाही, संन्यास घ्यायला लावणेही अवघड, कारण जातीला माणसे हवी आहेत. मग त्याला बायको कोठून द्यायची? बरोबरीच्या वयाची मुलगी त्याला दिली तर एखादा तरुण बिनलग्नाचा राहील. म्हणून जी अजून लग्नाच्या वयाची झालेलीच नाही तिला त्याच्या पदरात घालायचे. हाच बालविवाह.

सती, सक्तीचे वैधव्य आणि बालविवाह या तीन चालींकडे तोपर्यंत समाजसुधारक तीन वेगवेगळ्या दुष्ट रूढी म्हणून पाहत. भीमरावांनी दाखवले की त्या तिन्ही एकाच यंत्राची चाके आहेत आणि ते यंत्र म्हणजे जात. सतीच्या त्यागाचे आणि विधवेच्या पावित्र्याचे गोडवे नंतर गायले गेले. आधी गरज निर्माण झाली, मग गौरव आला. ब्राह्मणांनी आधी दार बंद केले आणि इतरांनी त्यांचे अनुकरण केले, असे त्यांचे म्हणणे. त्याला पुरावा आपल्याच खेड्यापाड्यांत होता. जो समाज ब्राह्मणांना जितका जवळचा तितक्या या तिन्ही चाली त्यात कडक. जो जितका दूर तितक्या त्या सैल. विधवेचा पाट लावण्याची रीत महाराष्ट्रात ज्या जातींत चालू होती त्या कोणत्या, हे आठवून पाहिले म्हणजे हा मुद्दा पटतो.

या निबंधाने एक मोठी गोष्ट केली. जात रक्तात असते ही समजूत त्याने उलटी केली. आधी वेगळे रक्त होते आणि म्हणून लग्नाचे निर्बंध आले असे झाले नाही. निर्बंध आधी आले. स्त्रीच्या शरीरावर पहारा आधी बसला. मग त्या पहाऱ्याच्या आत जे वाढले त्याला लोक वेगळे रक्त म्हणू लागले.

ज्या देशात बसून हे लिहिले गेले त्या देशाचा इतिहासही हीच साक्ष देतो, हे पाहण्यासारखे आहे. बाबासाहेबांच्या निबंधाचा तो विषय नाही. ही तुलना वाचकांनी आपल्या पदरची समजावी. इंग्रजांनी व्हर्जिनियात वसाहत केली तेव्हा गोरा आणि काळा या भेदाला आजच्यासारखे पक्के रूप आले नव्हते. ते हळूहळू आले, आणि बायकांवरून आले. १६४३ मध्ये तेथे ठरले की शेतात राबणाऱ्या आफ्रिकन स्त्रीवर कर बसेल, इंग्रज स्त्रीवर नाही. म्हणजे एकीला मजूर ठरवले, दुसरीला गृहिणी. एलिझाबेथ की नावाच्या तरुणीची आई आफ्रिकन गुलाम आणि बाप इंग्रज होता. बाप स्वतंत्र इंग्रज म्हणून आपणही स्वतंत्र, असे म्हणून ती न्यायालयात गेली आणि १६५६ च्या सुमारास सुटली. इंग्रजांच्या रीतीप्रमाणे मूल बापाचेच मानले जाई. पण १६६२ साली व्हर्जिनियाने कायदा केला की मुलाची स्थिती आईप्रमाणे राहील. एलिझाबेथला मिळालेली वाट बंद झाली आणि मालकाला दुहेरी लाभ झाला : गुलाम स्त्रीपासून झालेले त्याचे स्वतःचे मूलही त्याची मालमत्ता ठरले.

१६९१ साली पुढचा कायदा आला. गोऱ्या माणसाने वा बाईने काळ्या, मिश्र किंवा इंडियन व्यक्तीशी लग्न केले तर तीन महिन्यांत वसाहतीबाहेर हद्दपारी. गोऱ्या स्त्रीला काळ्या पुरुषापासून मूल झाले तर पंधरा पौंड दंड, तो भरता आला नाही तर पाच वर्षे वेठ, आणि ते मूल तिसाव्या वर्षापर्यंत बांधलेले. गोऱ्या पुरुषाला काळ्या स्त्रीपासून झालेल्या मुलाबद्दल अशी तरतूद त्यात नव्हती.

मनुस्मृतीचा दहावा अध्याय ज्यांनी अभ्यासला आहे त्यांना हे ओळखीचे वाटेल. वरच्या वर्णाचा पुरुष आणि खालची स्त्री हा अनुलोम संबंध. त्याला क्षमा आहे. खालचा पुरुष आणि वरची स्त्री हा प्रतिलोम. त्याला क्षमा नाही. शूद्र पुरुष आणि ब्राह्मण स्त्री यांची संतती ती चांडाळ. दोन खंडांतले, दोन काळांतले हे नियमकर्ते एकमेकांना ओळखतही नव्हते. तरी दोघांनी कुंपण घातले ते वरच्या स्त्रीभोवती, आणि फाटक मोकळे ठेवले ते वरच्या पुरुषासाठी. बाबासाहेब न्यूयॉर्कमध्ये शिकत होते तेव्हा अमेरिकेच्या दक्षिणेतल्या सर्व राज्यांत गोऱ्याकाळ्यांच्या लग्नाला कायद्याने बंदी होती. ती शेवटी १९६७ साली सर्वोच्च न्यायालयाने उठवली, आणि तो खटलाही व्हर्जिनियाचाच होता.

हे साम्य आपल्या महाराष्ट्रात फार पूर्वी एका माणसाने ओळखले होते. जोतीराव फुल्यांनी १८७३ साली आपली गुलामगिरी अमेरिकेतील गुलामांना मुक्त करणाऱ्या लोकांना अर्पण केली. आणि त्याच जोतीरावांनी व सावित्रीबाईंनी १८६३ मध्ये पुण्यात, फसलेल्या ब्राह्मण विधवांच्या बाळंतपणासाठी बालहत्या प्रतिबंधक गृह उघडले होते. गुलाम आणि विधवा यांचे दुःख एकाच मुळातून येते हे त्यांना उमगले होते. बाबासाहेबांनी जोतीरावांना गुरू मानले, त्याला हाही एक अर्थ आहे. पुढे १९४६ मध्ये अमेरिकेतील निग्रो पुढारी विद्वान डू बॉइस यांना पत्र लिहून बाबासाहेबांनी दोन्ही समाजांच्या दुःखाचे साम्य कळवले होते.

निबंध लिहून विद्वान मोकळा होतो. बाबासाहेबांना मोकळे होता आले नाही. १९१७ साली ते परतले आणि बडोद्यात नोकरीवर रुजू झाले तो राहायला जागा मिळेना. पारशी असल्याचे भासवून जेथे राहिले तेथूनही हुसकावले गेले. कोलंबियाची पदवी दाराबाहेर राहिली. पुन्हा लंडन, पुन्हा अभ्यास, बॅरिस्टरी, आणि मग १९२७ सालचे महाड.

चवदार तळ्याचा सत्याग्रह त्या वर्षीच्या मार्चमध्ये झाला. २५ डिसेंबरला महाडलाच मनुस्मृतीचे दहन झाले. दहनाचा ठराव मांडणारे गंगाधर नीळकंठ सहस्रबुद्धे स्वतः ब्राह्मण होते, हे सांगितले पाहिजे. कोणत्या ग्रंथाने स्त्रीशूद्रांना एकाच दावणीला बांधले हे न्यूयॉर्कच्या निबंधापासून ज्याच्या मनात होते त्याने ते जाळण्यासाठी निवडावे यात नवल नाही. परंतु त्याच परिषदेत बाबासाहेब स्त्रियांशी जे बोलले ते मला त्याहून महत्त्वाचे वाटते. लुगडे नेसण्याची तुमची तऱ्हा, गळ्याहातातले कथलाचे आणि चांदीचे जड दागिने, यांवरून तुमची जात लांबून ओळखू येते. ही खूण टाकून द्या, असे त्यांनी सांगितले. स्त्रियांनी ते मनावर घेतले आणि नेसण्याची पद्धत बदलली. आज आपल्याला हा किरकोळ सल्ला वाटेल. पण जात ही स्त्रीच्या अंगावर लिहिलेली असते आणि ती पुसण्याची सुरुवातही तेथूनच होते, हे ज्याला कळले होते त्याचा तो सल्ला होता.

पुढल्या वर्षी मुंबई कायदेमंडळात गिरणीकामगार स्त्रियांना बाळंतपणाची पगारी रजा मिळावी या विधेयकाला त्यांनी पाठिंबा दिला. आणि मग १९३० चे नाशिक. सत्याग्रहाची धुरा स्थानिक पातळीवर दादासाहेब गायकवाडांनी वाहिली. रामनवमीच्या रथाच्या दिवशी दगडफेक झाली, पुष्कळ जण जखमी झाले. मंदिराची दारे मात्र उघडली नाहीत. सत्याग्रह पाच वर्षे चालला. दाराशी बसलेल्या स्त्रियांना देवाच्या दर्शनापेक्षा अधिक काहीतरी मागायचे होते. ज्यांच्या स्पर्शाने देव बाटतो असे सांगितले जाई, त्यांच्याच बहिणींना देवाच्या नावाने मुरळी म्हणून सोडले जात होते आणि तेव्हा कोणाला विटाळ होत नव्हता. आपल्याच जिल्ह्यात मालेगावजवळ चंदनपुरीला खंडोबाचे स्थान आहे. मुरळी म्हणजे काय हे नाशिककराला समजावून सांगावे लागत नाही.

या काळात घरात काय चालले होते? रमाबाईंच्या पाच मुलांपैकी चार लहानपणीच गेली. एकदा त्यांनी पंढरपूरला जाण्याची इच्छा बोलून दाखवली. जो विठोबा आपल्या भक्तांना दाराबाहेर उभे करतो त्याच्याकडे कशाला जायचे, असे बाबासाहेबांनी त्यांना समजावले आणि आपणच दुसरी पंढरी उभारू असे सांगितले, अशी आठवण सांगतात. २७ मे १९३५ रोजी रमाबाई गेल्या. त्यानंतर साडेचार महिन्यांनी, १३ ऑक्टोबर १९३५ रोजी, आपल्याच जिल्ह्यातल्या येवल्याला बाबासाहेबांनी जाहीर केले की हिंदू म्हणून जन्मलो तो माझ्या हातात नव्हते, पण हिंदू म्हणून मरणार नाही. येवल्याच्या घोषणेमागे काळारामाची बंद दारे होती, हे सर्व जण सांगतात. रमाबाईंची पुरी न झालेली पंढरीची वारीही होती, असे मला वाटते.

स्त्रीपुरुषसंबंधांच्या प्रश्नाकडे ते कधी संकोचाने पाहत नसत. रघुनाथ धोंडो कर्वे यांच्या समाजस्वास्थ्य मासिकावर वाचकांच्या लैंगिक शंकांना उत्तरे दिल्याबद्दल १९३४ साली अश्लीलतेचा खटला झाला, तेव्हा त्यांचे वकीलपत्र बाबासाहेबांनी घेतले. कर्व्यांना दंड झाला. पण त्या विषयावर उघड बोलणे हा गुन्हा नव्हे, ही बाजू मांडायला एवढा मोठा बॅरिस्टर उभा राहिला. १९३८ साली मुंबई विधिमंडळात त्यांच्या पक्षाने संततिनियमनाचा ठराव आणला. तो फेटाळला गेला.

जून १९३६ मध्ये परळच्या दामोदर हॉलमध्ये देवदासी, जोगतिणी, मुरळ्या यांची सभा भरली होती. हे जीवन सोडा, ते सगळ्या समाजाला कमीपणा आणते, असे बाबासाहेबांनी त्यांना सांगितले. या भाषणाबद्दल आज काही अभ्यासक प्रश्न विचारतात. ज्या स्त्रिया पोटासाठी त्या वाटेला लागल्या त्यांच्यावरच समाजाच्या अब्रूचे ओझे का टाकावे? हा प्रश्न रास्त आहे. अब्रू स्त्रीच्या पदरात बांधण्याची सवय इतकी जुनी आहे की तिचे मूळ शोधून काढणाऱ्यालाही ती पूर्णपणे टाळता आली नाही, असे म्हणावे लागते. थोरांची चरित्रे वाचताना असे प्रश्न झाकून ठेवू नयेत; त्याने त्यांचे थोरपण कमी होत नाही. आणि त्याच वर्षी लाहोरच्या जातपात तोडक मंडळासाठी लिहिलेल्या, पण न झालेल्या भाषणात त्यांनी जातीवरचा खरा उपाय म्हणून आंतरजातीय विवाहच पुढे केला होता, हेही विसरू नये. सहभोजनाने जात मोडत नाही, कारण जेवण संपते आणि पाने उचलली जातात. लग्नाने मोडते, कारण मूल राहते.

१९४७ साली ते स्वतंत्र भारताचे कायदेमंत्री झाले. घटनेच्या कामाबरोबरच हिंदू कोड बिलाचे काम त्यांनी अंगावर घेतले. न्यूयॉर्कच्या निबंधात एक उणीव होती. त्यात स्त्री ही संख्या म्हणून येते. तिच्या हातात जमीन का नाही, पैसा का नाही, हा प्रश्न त्यात फारसा येत नाही. ही उणीव जणू या बिलाने भरून काढली : मुलीला वडिलांच्या मिळकतीत वाटा, स्त्रीची मालमत्ता तिच्या पूर्ण मालकीची, एकपत्नीत्व, घटस्फोट, आणि जातीबाहेरच्या लग्नाला मान्यता. विरोधकांना काय वाचवायचे होते ते त्यांच्या आरडाओरड्यावरून दिसते. बिल रखडले, तुकडे झाले, आणि २७ सप्टेंबर १९५१ रोजी बाबासाहेबांनी मंत्रिपदाचा राजीनामा दिला. राजीनाम्याला इतरही कारणे होती. पण या बिलाचे दुःख त्यात मोठे होते. १९५५ आणि ५६ साली त्याचेच भाग वेगवेगळे कायदे म्हणून संमत झाले.

या धावपळीतच, १५ एप्रिल १९४८ रोजी, दिल्लीतल्या राहत्या घरी त्यांनी डॉ. शारदा कबीर यांच्याशी नोंदणी पद्धतीने लग्न केले. त्या सारस्वत ब्राह्मण कुटुंबातल्या, स्वतः डॉक्टर. लग्नानंतर सविता झाल्या. बाबासाहेबांची प्रकृती ढासळली होती आणि सोबतीची, शुश्रूषेची गरज होती. कारणे घरगुती होती. पण भायखळ्याच्या बाजारातले ते पहिले लग्न आणि हे दुसरे लग्न शेजारी ठेवून पाहावे. पहिले जातीच्या यंत्राने लावून दिलेले, नऊ-दहा वर्षांच्या मुलीशी. दुसरे दोन जाणत्या माणसांनी सही करून केलेले, आणि स्मृतिकारांच्या लेखी सर्वांत निषिद्ध अशा प्रतिलोम प्रकारातले. मध्ये चाळीस वर्षे. या लग्नावर सनातन्यांनी टीका केली, त्यांचे काही अनुयायीही नाराज झाले. जातीचे कुंपण बाहेरच्या बाजूनेही किती घट्ट धरलेले असते ते त्यावरून कळते. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला त्यांनी सवितांसह बौद्ध धम्माची दीक्षा घेतली आणि ६ डिसेंबरला दिल्लीत त्यांचे निधन झाले.

येथे चरित्र संपते. पण आपण नाशिकचे विद्यार्थी आहोत म्हणून आणखी एक गोष्ट सांगणे भाग आहे. जून २०१३ मध्ये याच शहरात एका बापाने आपल्या गरोदर मुलीचा गळा आवळून खून केला. तिने जातीबाहेर लग्न केले होते आणि जातपंचायतीची दहशत त्या घरावर होती. १९१६ च्या निबंधातले अतिरिक्त स्त्रीच्या विल्हेवाटीचे गणित सत्त्याण्णव वर्षांनी आपल्या गावात पुन्हा सोडवले गेले. या घटनेनंतर जातपंचायतींविरुद्ध चळवळ उभी राहिली आणि सामाजिक बहिष्कारविरोधी कायदा महाराष्ट्र विधिमंडळाने २०१६ साली संमत केला. २०१७ पासून तो लागू झाला. कायदा झाला हे चांगलेच झाले. पण त्या मुलीच्या बापाने आधी कोणत्या नजरेने तिला पाहिले असेल? लेक म्हणून, की जातीच्या दाराची कडी म्हणून?

आपल्या वाचनालयात रविवारची वर्तमानपत्रे येतात. वधूवरांच्या जाहिरातींचे पान काढून पाहावे. शिक्षण, पगार, उंची, वर्ण या सगळ्याच्या आधी वरती जातीचा मथळा असतो. २०११-१२ च्या देशव्यापी मानव विकास सर्वेक्षणात आंतरजातीय लग्नांचे प्रमाण शेकडा पाचच्या आसपास भरले. म्हणजे शंभरांतली पंच्याण्णव लग्ने अजून त्या जुन्या कुंपणाच्या आतच लागतात. १९५४ च्या विशेष विवाह कायद्याने सही करून लग्न करण्याचा हक्क सर्वांना दिला, तरी लग्नाची नोटीस तीस दिवस जाहीर लावण्याची अट त्यात आजही आहे, आणि त्या तीस दिवसांत घरच्यांना, गावकऱ्यांना गाठायला पुरेसा वेळ मिळतो.

आपण सभेत जातिभेद वाईट म्हणतो, निबंधस्पर्धेत त्यावर बक्षीसही मिळवतो. कँटीनमध्ये एका कपातला चहा तिघे पितो. काळारामाचे दारही आज सर्वांना उघडे आहे. पण बाबासाहेबांनी पंचविसाव्या वर्षी, म्हणजे आपल्यातल्या पुष्कळांच्या वयाच्या आसपास, बोट ठेवले ते दुसऱ्या दारावर. ते दार आपापल्या घरात आहे, आणि बहुधा ते आपल्या बहिणीच्या खोलीचे असते. त्याची कडी बाहेरून लावलेली आहे की आतून, एवढे तरी आपण घरी गेल्यावर पाहावे.